शिंपल्यांच्या लार्व्ह्यांचं खाणं आणि पचन
कालवं, तिसऱ्या, शिणाणे मोठे झाले की कल्ल्यांनी पाणी गाळून खातात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्यांच्या लार्व्ह्यांना, म्हणजे अंड्यातून निघालेल्या इवल्या पिल्लांना, कामाचे कल्लेच नसतात, त्यांचं सगळं खाणं व्हेलम नावाच्या केसाळ अवयवावर चालतं.

पॅसिफिक ऑयस्टर या कालवाचं घ्या. अंडं पाण्यातच फळतं आणि साधारण एका दिवसात डी आकाराची शिंपली असलेला, जेमतेम ७०-८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लार्व्हा तयार होतो. हे पहिलं कवच तो अंड्यातल्या साठ्यावर बांधतो, अजून खाल्लेलं काहीच नसतं, म्हणून पाण्याची आम्लता वाढली की तो साठा कवचातच संपतो आणि लार्व्हा मरतो. २००७ च्या सुमारास अमेरिकेत ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर हॅचरीतले (लार्व्हे वाढवायच्या केंद्रातले) लार्व्हे मेले, त्यामागे असंच पाणी होतं.

व्हेलमच्या कडेला बारीक केसांच्या दोन रांगा असतात, त्या एकमेकींच्या उलट हलतात, मधल्या खाचेत शेवाळाचे कण अडकतात आणि तिथले छोटे केस ते तोंडाकडे ढकलतात. पोहणं आणि खाणं एकाच हालचालीत होतं, त्यामुळे घाबरून शिंपली मिटली की खाणंही बंद आणि लार्व्हा खाली बुडायला लागतो.

पोटात पारदर्शक जेलीसारखी एक दांडी असते, क्रिस्टलाइन स्टाइल, ती ताकातल्या रवीसारखी फिरत राहते, फिरता फिरता विरघळते आणि त्यातून अन्न मोडणारे एन्झाइम सुटतात. मोडलेले कण मग पाचक ग्रंथीच्या पेशी चक्क गिळतात, म्हणजे पचनाचा मोठा भाग पेशींच्या आतच होतो. मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे, की लार्व्हा पारदर्शक असल्यामुळे मायक्रोस्कोपखाली हे सगळं जिवंत दिसतं, आणि हॅचरीवाले पोटाचा रंग बघूनच खाल्लंय की नाही ते ओळखतात.

खाणं म्हणून आयसोक्रायसिस, पाव्हलोव्हा, किटोसेरॉस ही काही मायक्रॉनची शेवाळं देतात. क्लोरेलाची भिंत जाड, ती ऑयस्टरच्या छोट्या लार्व्ह्यांना नीट पचत नाही. शेवाळ फार दाट केलं तरीही वाढ खुंटते.

दोन-तीन आठवड्यांनी लार्व्हा ३०० मायक्रॉनच्या आसपास पोचतो, पाय आणि डोळ्याचा ठिपका येतो आणि तो चिकटायला जागा शोधतो. चिकटला की व्हेलम जातो, कल्ले अजून तयार नसतात, तेवढा काळ साठवलेल्या चरबीवरच काढायचा, ज्याच्याकडे ती कमी तो मरतो.

गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांचं मात्र वेगळंच आहे, त्यांचे ग्लोकिडियम लार्व्हे माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटून त्याच्याच शरीरातून पोषण घेतात.