फुकट आणि मुक्त यांत गल्लत नको

‘गूगल शीट्स काय, लिब्रऑफिस काय, दोन्ही फुकटच ना?’ मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य ऐकू येतं. शीट्स म्हणजे गूगलचं ऑनलाइन हिशेबपत्रक, लिब्रऑफिस म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर चालणारं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर. पैसे दोन्हीकडे पडत नाहीत, एवढंच साम्य.

आधी गूगलचं फुकट. जीमेल सगळ्यांच्या फोनवर आहे, तेव्हा थोडक्यात. २००४ साली १ जीबी जागा मिळायची, आता १५. तीही मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून. कंपनीची वसुली जाहिरातींतून होते, जागा भरल्यावरच्या वर्गणीतून होते आणि सवयीतून होते. घरी शीट्सवर हात बसलेला माणूस ऑफिसातही तेच मागतो, आणि ऑफिसला ते माणशी पैसे मोजून घ्यावं लागतं. ‘मेल वाचून जाहिराती दाखवतात’ हे तुणतुणं मात्र आता पुरे. जाहिराती ठरवण्यासाठी मेल चाळणं बंद करतोय, असं गूगलने २०१७ मध्येच जाहीर केलं. जाहिराती अर्थात आहेतच.

लिब्रऑफिस मुक्त आहे: सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, खुला, कुणीही बदलावा, वाटावा. २०१० मध्ये ते ओपनऑफिस या तशाच मुक्त सॉफ्टवेअरमधून वेगळं निघालं. मुंबईच्याच ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ फॉन्ट याच जातीचा.

खरी गोची पुढे आहे. कॉम्प्युटरवरच्या ड्राइव्हच्या फोल्डरमधली जीडॉक किंवा जीशीट (गूगल डॉक्स, शीट्सची) फाइल पेनड्राइव्हवर घेतली, की लोकांना वाटतं बॅकअप झाला. त्या फाइलमध्ये मजकूर नसतोच, नुसता पत्ता असतो. सोसायटीचा हिशेब राहतो गूगलकडे, आणि खातं असतं सेक्रेटरीच्या खासगी नावावर. १५ जीबी भरली की नवे मेल येणं थांबतं. दोन वर्षं कुणी खातं उघडलंच नाही, तर ते पुसलं जाऊ शकतं. फाइल शेअर केल्याने मालकी बदलत नाही: त्या फाइलच्या शेअरमध्ये नव्या सेक्रेटरीला एडिटर करा, मग ‘ट्रान्सफर ओनरशिप’ निवडा. त्यांनी स्वीकारेपर्यंत मालक जुनाच.

ओडीएस फाइल (लिब्रऑफिसचं हिशेबपत्रक) मात्र आख्खी तुमच्या डिस्कवर असते आणि खातं गेलं तरी उघडते. डिस्क मेली तर तीही गेली, म्हणून दुसरी प्रत हवीच. डॉक्ससारखं चौघांनी एकदम लिहिणंही लिब्रऑफिसमध्ये जमत नाही. तेव्हा मेंटेनन्सच्या नोंदी खुशाल शीट्सवर करा. ३१ मार्चला मात्र शीट्सच्या मेनूत ‘फाइल’, मग ‘डाउनलोड’, मग ओडीएस निवडून प्रत उतरवून घ्या. पीडीएफ नको, त्यात सूत्रं उरत नाहीत.