अभ्रा तुमच्या कपाटातला, भरण आमचं

नमस्कार. आमचं रविवार पेठेतलं छोटं गादी-उशांचं दुकान तुम्हाला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत दिवाणावर, झोपाळ्यावर, सोफ्यावर ठेवायच्या शोभेच्या उशा घरी शिवायला बऱ्याच जणी आणि हल्ली काही जणही लागले आहेत. त्यातले बरेचसे आमच्याकडे येतात तेव्हा अभ्रा शिवून तयार असतो आणि आत काय भरायचं हा विचार मात्र राहून गेलेला असतो. मग अभ्रा मोठा होतो, उशी मलूल पडते आणि चांगल्या कापडाची रया जाते. म्हणून हे पत्रक. आमचं सांगणं एवढंच की आधी आतलं भरण ठरवा आणि मग कापडाला कात्री लावा. कापड नवंच हवं असंही नाही. ते बहुतेक तुमच्या कपाटात आहे.

आत काय भरायचं

आमच्याकडे तीन प्रकारचं भरण मिळतं.

पॉलिएस्टर फायबर सगळ्यात सोयीचं. हलकं असतं, पावसाळ्यात ओल धरत नाही, धुता येतं. १६ इंची चौकोनी उशीला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम लागतं. आतले पुंजके हाताने विंचरून मोकळे करून भरा. पिशवीतून काढून तसंच कोंबलं की महिनाभरात गाठी लागतात. लहान मुलं उशांची मारामारी करतात अशा घराला आम्ही हेच देतो.

कापूस जड असतो. तेवढ्याच उशीत फायबरच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा बसतो. पण पाठीला टेकायला, तक्क्याला आणि लोडाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. उशांसाठी आखूड धाग्याचा कापूस बरा. तो जरा खरखरीत असतो, पण त्यामुळेच लवकर दबत नाही. घरात जुनी कापसाची गादी पडून असेल तर ती भंगारात देऊ नका, आमच्याकडे घेऊन या. पिंजून दिली की एका सिंगल गादीतून घरातल्या सगळ्या उशा भरून कापूस उरतो. पुण्यात जून ते सप्टेंबर हवा दमट असते, तेव्हा कापसाच्या उशा भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि ऊन पडेल त्या दिवशी तासभर तरी गच्चीत टाका.

तिसरी सावर. फेब्रुवारी-मार्चमध्ये टेकड्यांवर, रस्त्याकडेला लालभडक फुलणारी काटेसावर तुम्ही पाहिली असेल. एप्रिल-मे महिन्यांत तिची बोंडं उकलतात आणि वाऱ्यावर म्हातारीसारखा कापूस उडतो, तोच हा. त्याचा तंतू इतका गुळगुळीत असतो की त्याचं सूत काततच नाही. पण उशीत मात्र तो मऊ आणि हलका राहतो, आणि पाणीही सहसा शोषत नाही. आमच्या मते डोक्याखाली घ्यायला याहून चांगली उशी नाही. दोन गोष्टी पाळा. आतली खोळ, म्हणजे अभ्र्याच्या आत भरण ठेवायची पिशवी, घट्ट विणीच्या पॉपलीनची घ्या, मांजरपाटातून सावर बाहेर येते. आणि ती कधीही धुवू नका, खोळीसकट ऊन दाखवा.

फोमचे तुकडे आम्ही ठेवत नाही. एका दिवाळीला स्वस्त म्हणून आम्ही ते भरून दिले होते. दोनेक वर्षांत त्यांचा भुगा झाला आणि गिऱ्हाइकांना उशा बदलून द्याव्या लागल्या. तेव्हापासून बंद.

माप

अभ्रा भरणापेक्षा किंचित लहान हवा. १६ इंची भरणाला शिवून झालेला अभ्रा साडेपंधरा इंचांचा ठेवा, मग उशी टपोरी दिसते. शिवणीसाठी चारही बाजूंनी अर्धा इंच माया धरली की पुढचा तुकडा साडेसोळा बाय साडेसोळा.

मागे चेन लावायची भीती वाटत असेल तर लावूच नका. पाकिटासारखी पाठ करा. त्यासाठी साडेसोळा बाय साडेअकरा इंचांचे दोन तुकडे कापा. प्रत्येकाची एक लांब कड अर्धा-अर्धा इंच दोनदा दुमडून टीप मारा. पुढचा तुकडा सुलट बाजू वर करून पसरा. त्यावर हे दोन तुकडे उलट बाजू वर करून असे ठेवा की दुमडलेल्या कडा मधोमध एकमेकींवर साडेचार इंच येतील. चारही बाजूंनी अर्ध्या इंचावर शिवा आणि कडा एकमेकींवर येतात तिथे मागे-पुढे दोनदा टीप न्या, कारण उशी घालता-काढताना ताण तिथेच येतो. मग माया ओव्हरलॉक करा किंवा घरच्या मशीनवर नागमोडी टीप मारा.

४४ इंची पन्ह्याचं, म्हणजे रुंदीचं, कापड असेल तर हे तिन्ही तुकडे एका ओळीत बसतात, म्हणजे एका अभ्र्याला अर्धा मीटर पुरतं. ३६ इंची पन्ह्यात पाऊण मीटर घ्या. नवं सुती कापड कापायच्या आधी एकदा भिजवून, वाळवून, इस्त्री करा. नंतर आटलं की उशी आत मावत नाही, ही तक्रार आम्ही दर आठवड्याला ऐकतो.

कोपऱ्यांचं एक गुपित सांगतो. नेमका काटकोनात शिवलेला अभ्रा भरल्यावर कोपरे कुत्र्याच्या कानासारखे लोंबतात. म्हणून शिवताना प्रत्येक कोपऱ्यापासून चार इंच अलीकडून टीप हळूहळू आत घ्या आणि कोपऱ्याशी ती आणखी अर्धा इंच आत आणा. कापडावर खडूने आधी रेघ मारून घ्या. डोळ्यांना चौकोन चुकल्यासारखा वाटेल, पण भरल्यावर उशी सुबक चौकोनी दिसते. जादा माया कापून टाका आणि उलटवताना उलथन्याच्या दांडीने कोपरा हलकेच बाहेर ढकला. कात्रीच्या टोकाने नको, कापड फाटतं.

जुन्या साड्या आणि खण

या कामात आमचा सगळ्यात जास्त जीव इथे आहे. आईची, आजीची साडी नेसवत नाही आणि टाकवत नाही, अशी प्रत्येक घरी एक तरी असते. ती उशीत आली की रोज डोळ्यांसमोर राहते.

कापायच्या आधी साडी उजेडासमोर धरून बघा. जुनं रेशीम वर्षानुवर्षांच्या घडीवर विरतं, आणि तिथून कापलेला तुकडा पहिल्याच महिन्यात उसवतो. घड्या टाळून मधला भाग घ्या आणि मागे सुती अस्तर लावा. अस्तर आणि रेशीम आधी हाताने मोठ्या धावदोऱ्याने जोडून घ्या आणि मगच मशीनवर घ्या, नाहीतर रेशीम सरकतं. रेशमाला ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडाला १४, जाड पडद्याच्या कापडाला १६. जरीवर इस्त्री उलट बाजूने, वर सुती फडकं टाकून, मंद आचेवर.

पैठणीच्या पदराचा मोर किंवा कमळ उशीवर मधोमध यायला हवं. नक्षीचा मध्यबिंदू शोधा, तिथे टाचणी लावा आणि चारही दिशांना सव्वाआठ इंच मोजा. कापडाच्या कडेपासून मोजायला जाऊ नका. गेल्या वर्षी एका ताईंनी कडेपासून मोजून पदर कापला आणि मोराची मान शिवणीत गेली. दोन तुकड्यांमध्ये काठाची पट्टी घालून आम्ही ते सावरलं, पण त्यांचा चेहरा अजून आठवतो. पहिल्यांदा करत असाल तर जुन्या चादरीवर एक अभ्रा शिवून बघा. साडी मग घ्या.

गुळेदगुड्डचा खण आणि इलकलचं लुगडं, म्हणजे आपली इरकल, दोन्ही कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली. इरकलीचे काठ उशीच्या दोन्ही बाजूंना उभे लावले की फार देखणे दिसतात. खणाचा पन्हा अरुंद असतो, म्हणून पुढची बाजू खणाची आणि मागची साध्या सुती कापडाची करा. घासते ती मागची बाजूच. गडद रंगाच्या खणावर आधी ओलं पांढरं फडकं चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर मागे पांढरं कापड लावू नका.

गोंडे, लेस, बटणं हवी असतील तर आमच्याकडे मोजकीच आहेत. बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत एक चक्कर मारा. गोंडे कोपऱ्यांत आतल्या बाजूला तोंड करून, टाचणीने पक्के करून मग टीप मारा. पायपिंग करायची असेल तर पट्टी उरेबच, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरकी, कापा, सरळ कापलेली पट्टी कोपऱ्यावर वळत नाही.

आमच्याकडे येताना

अभ्रा किंवा निदान त्याचं माप लिहून आणा. भरण वजनावर मिळतं आणि तुमच्यासमोर तोलून देतो. लोड किंवा गोल तक्क्या करायचा असेल तर कापड कापण्याआधी एकदा येऊन जा, गोल तोंडाचं माप आम्ही काढून देऊ. आतली खोळ शिवून आणणार असाल तर एका बाजूला सहा इंच जागा उघडी ठेवा. आम्ही भरण घालून ती हातशिलाईने बंद करून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पिंजायची गादी मात्र मेअखेरपर्यंत आणा. पाऊस सुरू झाला की कापूस वाळवायला आमची गच्ची उपयोगाची राहत नाही.