गाजर गवत, गायरानावरील

(काँग्रेस गवत, चटक चांदणी, पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल ॲस्टरेसी). मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील वर्षायू ओषधी. महाराष्ट्रात पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा व गायराने यांवर ती माजते.

तिच्या भारतातील आगमनाबद्दल मतभेद आहेत. १९५५ मध्ये ती पुण्यात उकिरड्यांवर आढळल्याची वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावरून पीएल-४८० या अमेरिकेच्या धान्यपुरवठा योजनेखाली आलेल्या गव्हातून बी आले, असे मत रूढ झाले. तथापि या योजनेचा भारताशी करार ऑगस्ट १९५६ मधील, म्हणजे पुण्यातील आढळानंतरचा आहे. अमेरिकन गहू त्याआधीही येत असल्याने धान्याचा मार्ग शक्य राहतो. त्या कराराला मात्र जबाबदार धरता येत नाही. डेहराडूनच्या वनस्पतिसंग्रहातील नमुना तर १८८० चा सांगितला जातो. वनस्पती आधीपासून तुरळक असावी व नव्या बियांची भर पडून ती फोफावली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

कोवळ्या रोपाची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि खालचे गवत दडपतात. पार्थेनिन या कडू विषारी द्रव्यामुळे गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. ती भोवतीचा चारा ओरबाडतात आणि मोकळी झालेली जागा तणाला मिळते. चारा संपल्यावर नाइलाजाने खाल्ल्यास दूध कडवट होते. माणसांना त्वचादाह व दमा होतो.

फुलोऱ्यापूर्वी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटणे हा खात्रीचा उपाय. नुसते कापल्यास बुडातून पुन्हा फुटवे येतात. ग्लायफोसेट या तणनाशकाने गवतही मरते, म्हणून गायरानावर ते टाळावे. झायगोग्रामा बायकोलोराटा हा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. त्याच्या अळ्या व प्रौढ दोन्ही पाने खातात. तो सूर्यफुलावर आढळल्याने वाद झाला, पण पुढे त्याचा वापर सुरूच राहिला. पावसाळ्यानंतर बहुतेक भुंगे जमिनीत सुप्त राहतात. त्यामुळे हिवाळ्यात उगवलेली रोपे त्यांच्या तावडीतून सुटतात.

टाकळ्याचे बी पेरण्याची शिफारस होते. तो गाजर गवताला दाबतो खरा, पण गुरे तोही ताजा खात नाहीत. गायरान गुरांसाठी असल्याने तेथे मारवेल, पवना यांसारखी गवते व स्टायलो हे द्विदल चारापीक पेरून काही काळ चराईबंदी पाळणे श्रेयस्कर. चराईबंदीविना पेरणी टिकत नाही.