हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या दातांना हातच लावायचा नाही का?

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो, की हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या मुलाला ब्रश करू देऊ नका, डेंटिस्टकडे तर नेऊच नका, रक्त थांबणार नाही. भीती वाटणं साहजिक आहे हो, लेकराच्या तोंडातून रक्त आलं की कुणाचाही जीव वरखाली होतो.

पण नीट बघा. ब्रश बंद केला की दातांच्या कडेला पिवळट थर साचतो, त्याने हिरड्या सुजतात, आणि सुजलेल्या हिरडीतूनच जास्त रक्त येतं, म्हणून मऊ ब्रशने रोज दोनदा दात घासायलाच हवेत. छोटी कीड वेळेत भरून घेतली तर दात काढायची वेळ सहसा येत नाही, आणि खरी जोखीम तिथेच, दात काढताना किंवा खालच्या जबड्यात खोल भूल देताना. तेही करता येतं, फक्त आधी हिमॅटॉलॉजिस्टशी, म्हणजे रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांशी बोलून, गरजेप्रमाणे फॅक्टर (रक्त गोठवणारं प्रथिन, जे या मुलांत कमी असतं) आणि ट्रॅनेक्सामिक ॲसिड (रक्ताची गुठळी टिकवणारं औषध) देऊन, आणि नंतर गॉजची घडी त्या जागी घट्ट चावून धरायला लावून. दुखलं तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, पॅरासिटामॉल चालतं, डोस विचारूनच.

खात्री करायचीय? फॅक्टर ८ किंवा ९ किती आहे तो रिपोर्ट फाईलला लावा, डेंटिस्टला दाखवा आणि सरळ विचारा, "आमच्या हिमॅटॉलॉजिस्टशी बोलून मगच कराल ना?" आणि हिमॅटॉलॉजिस्टना तो मेसेजच वाचून दाखवा.