ट्रॉमा टीममधला एक्सरेवाला: थोडी पार्श्वभूमी

कॅज्युल्टीत एक्सरेचं पोर्टेबल मशीन ढकलत येणारा टेक्निशियन ट्रॉमा टीमचा, म्हणजे गंभीर जखमींना सांभाळणाऱ्या टीमचा माणूस की फक्त बोलावल्यावर येणारा, हा घोळ जुना आहे. १९७८ ला अमेरिकेत नेब्रास्कात जखमींच्या पहिल्या तासाभराच्या उपचारांचा डॉक्टरांसाठी कोर्स सुरू झाला, तो पुढे जगभर गेला आणि छाती, पेल्व्हिस (कंबरेचं हाड), मानेची साइड (बाजूने काढलेला एक्सरे) अशा तीन फिल्म आधी काढायची सवय त्यातूनच पक्की झाली. पण कोर्स डॉक्टरांचा, फिल्म काढणाऱ्याचा विचार त्यात मागेच राहिला.

आपल्याकडे २००२ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला, बायपासवर नवले पुलाच्या उतारावरचे अपघात तर पुणेकरांना सांगायलाच नकोत, आणि २०१४ पासून १०८ अॅम्ब्युलन्स धावायला लागली, म्हणजे कॅज्युल्टीत जखमी येतच राहिले. फिल्मच्या काळात मानेची साइड म्हणजे सगळ्यांची परीक्षा असायची. सातवा मणका दिसलाच पाहिजे, पण खांदे आड येतात, मग कुणीतरी पायाशी उभं राहून पेशंटचे हात खाली ओढायचे, डोकं धरलेल्याने ते सोडायचं नाही, आणि सिस्टर सलाईनमध्ये अडकलेल्या, रेसिडेंट फोनवर, त्यामुळे लेड अॅप्रन घालून उभे राहायचे ते बहुतेक वेळा मामाच (वॉर्डबॉय). मग टेक्निशियन डार्करूममध्ये जायचा आणि ओली फिल्म सगळ्यात आधी बघायचा तोच. "सर, डावीकडे हवा दिसतेय" (म्हणजे छातीत फुफ्फुसाबाहेर हवा साठलीय) हे वाक्य तिथूनच बाहेर यायचं.

खरा वाद इथेच आहे, त्याने हे बोलायचं का? ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात कॅज्युल्टीच्या फिल्मवर काही गडबड दिसली की रेडिओग्राफरने (तिथल्या एक्सरे टेक्निशियनने) लाल ठिपका चिकटवायची पद्धत आली. साधी गोष्ट, पण रात्रीच्या ज्युनियर डॉक्टरला मोठा आधार. अडचण एकच, ठिपका नाही म्हणजे फिल्म नॉर्मल, की बघणाऱ्याला खात्री नव्हती, की बघितलीच नाही, ते कळत नाही. म्हणून पुढे तिथे नुसत्या ठिपक्याऐवजी दोन ओळी लिहाव्यात असा आग्रह सुरू झाला. काही रेडिओलॉजिस्टना (फिल्म वाचून रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना) हे आपल्या कामात घुसणं वाटलं, आणि त्यांच्या रिपोर्टची कायदेशीर जबाबदारी त्यांचीच असते हा मुद्दा खोटा नाही. पण इशारा देणं आणि रिपोर्ट देणं वेगळं आहे, आणि आपल्याकडे हा फरक नीट मांडलाच गेला नाही असं मला ठामपणे वाटतं. इथे सगळं तोंडी राहिलं. टेक्निशियन सीनियर असला, सर ऐकून घेणारे असले तर बोलणं व्हायचं, नाहीतर नाही.

सोनोग्राफीत तर प्रश्नच मिटला, गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने मशीन नोंदणीत बांधलं आणि प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) डॉक्टरकडेच राहिला.

नंतर डिजिटल आलं. आता फोटो काही सेकंदांत बेडशेजारी स्क्रीनवर दिसतो, सगळे एकदमच वाकून बघतात, आणि आधी बघणाऱ्याला जो मान होता तो गेला. सीटीत उलट झालं. पेशंट टेबलवर, बाकी सगळे काचेमागे, आणि पेशंट हलवताना ट्यूबा कुठे ताणतात, कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) कुठल्या सुईतून जाणार, हे टेक्निशियनला विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

२०२१ मध्ये अलाइड हेल्थवाल्यांसाठी (टेक्निशियन, थेरपिस्ट वगैरे) केंद्राचा कायदा आला, त्यात रेडिओलॉजी आणि इमेजिंगची मंडळीही आहेत. नोंदणी, शिक्षण यांची चौकट त्यात आहे. पण रात्री दोनला रेडिओलॉजिस्ट घरून बघत असताना टेक्निशियनला जे आधी दिसलं ते केसपेपरवर कुठे आणि कुणाच्या सहीने लिहायचं, हे प्रत्येक हॉस्पिटलला स्वतःच ठरवावं लागणार आहे.