चाकावरचा जुना रंग सुटतो कसा?

मोरी तुंबली की टाकायची पांढरी पूड गरम पाण्यात कालवावी, ते पाणी मोटारीच्या अलॉय चाकावर ओतावे आणि दहा मिनिटांत जुना रंग धुऊन टाकावा, असा सल्ला देणारी एक चित्रफीत गेले काही दिवस मोबाइलवरून फिरत आहे. तिच्यात चाकावर पांढरा फेस जोरात उसळताना दिसतो आणि रंग उकळून बाहेर पडत असल्याचा तो पुरावा आहे, असे निवेदक ठासून सांगतो. प्रत्यक्षात तो फेस हायड्रोजन वायूचा असतो आणि रंगाशी त्याचा काहीही संबंध नसतो. चाकाचा धातू झिजत असल्याची ती खूण आहे.

या पुडीतला मुख्य घटक म्हणजे कॉस्टिक सोडा, एक तीव्र अल्कली. अलॉय चाक असते अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे. अ‍ॅल्युमिनियम हवेत टिकते ते त्याच्या अंगावरच्या ऑक्साइडच्या थरामुळे. हा थर जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर जाडीचा असतो आणि तो तीव्र आम्लात जसा विरघळतो तसाच तीव्र अल्कलीतही विरघळतो. थर गेला की उघडा पडलेला धातू पाण्याशी अभिक्रिया करू लागतो, हायड्रोजन सुटतो, उष्णता निर्माण होते आणि त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते. पत्र्याच्या, म्हणजे पोलादी, चाकाची गोष्ट वेगळी आहे. लोखंड अल्कलीत बऱ्यापैकी शांत राहते आणि जुन्या तैलरंगाचा मात्र सोड्याने अक्षरशः साबण होतो, म्हणून तिथे ही युक्ती चालते. अलॉय चाकावरचा कारखान्यातला रंग बहुधा अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर जातीचा, भट्टीत भाजलेला असतो. त्याच्यावर सोड्याचा परिणाम होईपर्यंत, जिथे जिथे रंगाचा टवका उडालेला आहे तिथे तिथे सोडा धातूत शिरलेला असतो.

मुळात जुना रंग काढायचाच कशाला, वरूनच नवा हात का मारू नये, असा प्रश्न गॅरेजमध्ये हमखास विचारला जातो. गोव्यात तरी त्याचे उत्तर रंगाखाली दडलेले असते. रिमच्या कडेला, टवका उडालेल्या जागेपासून निघून रंगाच्या आतून नागमोडी सरकत गेलेल्या केसासारख्या बारीक उंचवट्यांच्या रेषा अनेकांनी पाहिल्या असतील. हा तंतुरूप क्षरणाचा प्रकार आहे. प्रत्येक रेषेच्या टोकाशी मिठाच्या क्लोराइडने भरलेला आम्लधर्मी द्रवाचा सूक्ष्म थेंब असतो, मागच्या कोरड्या शेपटीतून त्याला ऑक्सिजन मिळत राहतो आणि थेंब धातू खात पुढे सरकतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६५ ते ९५ टक्के असली की हे काम जोमाने चालते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर याहून वेगळी हवा क्वचितच असते. त्यात समुद्रावरून येणारा खारा वारा आणि मासळीच्या गाड्यांतून रस्त्यावर ठिबकणारे पाणी मिठाचा पुरवठा करतात. वरून नवा रंग दिला तर हा थेंब मिठासकट आत कोंडला जातो आणि त्याचा प्रवास नव्या रंगाखाली चालू राहतो.

दोष मात्र बहुतेक वेळा लाल मातीला दिला जातो. जांभ्याच्या मातीतले लोखंड आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत झालेले असते, त्यामुळे ती रासायनिकदृष्ट्या रंगाचे फारसे काही बिघडवू शकत नाही. ती ओरखडे पाडते आणि ओल धरून ठेवते, एवढेच. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडल्याने चाकाचे रक्षण होते असे मानणाऱ्यांनी तेवढे लक्षात घ्यावे की लिंबातले सायट्रिक आम्ल क्लोराइडला अडवत नाही. आणि 'आयुष्यभर टिकणारे नॅनो कोटिंग' विकणाऱ्यांचा दावा या लिंबाहून फार वरच्या पायरीवरचा आहे, असे मला वाटत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रिमूव्हरने, म्हणजे रंग काढण्यासाठी मिळणाऱ्या रसायनाने, रंग विरघळतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. थिनरमध्ये भिजवलेली चिंधी चाकावर घासून पाहिली तर त्या समजुतीची परीक्षा होते. चिंधीला रंग लागला, तर तो लॅकरसारखा साधा रंग आहे. त्यातले लांब साखळ्यांचे रेणू एकमेकांत नुसते गुंतलेले असतात आणि योग्य द्रावक मिळाला की सुटे होतात. भाजलेल्या रंगावर ती चिंधी कोरीच राहते, कारण तिथे या साखळ्या जागोजागी रासायनिक बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. चाकावरचा सबंध लेप जणू एकच अवाढव्य रेणू असतो. (अशा गाठी बांधणाऱ्या रसायनांपैकी काही काजूच्या टरफलातील तेलापासून बनतात आणि जहाजांच्या इपॉक्सी रंगांत वापरली जातात. आपण काजू खाऊन टरफल किती बेफिकिरीने फेकतो, याचा विचार करताना मला हे नेहमी आठवते.) हे बंध न तोडता असे जाळे विरघळणे शक्य नाही. ते फक्त फुगू शकते.

किती फुगेल, याचा हिशेब पॉल फ्लोरी आणि जॉन रेहनर या शास्त्रज्ञांनी १९४३ मध्ये मांडला. फ्लोरींना पुढे १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिशेबात दोन प्रवृत्तींची ओढाताण आहे. द्रावकाच्या रेणूंना जाळ्यात मिसळून जायचे असते, कारण मिसळण्याने एंट्रॉपी, म्हणजे रेणूंना उपलब्ध असलेल्या मांडण्यांची विविधता, वाढते. जाळ्याच्या साखळ्या मात्र ताणल्या गेल्या की त्यांना घेता येण्याजोगे आकार कमी होतात, म्हणजे त्यांची एंट्रॉपी घटते आणि त्या रबरासारख्या मागे ओढू लागतात. दोन्ही जोर समान झाले की फुगणे थांबते. गाठी जितक्या जवळजवळ, तितके फुगणे कमी. पावडर कोटिंग, म्हणजे कोरडी पूड फवारून भट्टीत भाजलेला रंग, काढताना घाम फुटतो तो याचमुळे.

परंतु फुगलेला रंग चाकावरून उठतो का, हे एवढ्याने समजत नाही, आणि मला सर्वांत मनोहर वाटणारा भाग तोच आहे. समजा, द्रावक शिरल्याने लेपाचे आकारमान दीडपट होऊ पाहते. लेप मोकळा असता तर तो लांबी, रुंदी आणि जाडी अशा तिन्ही दिशांनी सुमारे साडेचौदा टक्क्यांनी वाढला असता. चाकाला चिकटलेल्या लेपाला लांबी-रुंदीत वाढायला जागाच नाही. धातू तसूभर हलत नाही, त्यामुळे लेपात आडवा दाब साठत जातो. पावसाळ्यात फुगलेले लाकडी दार चौकटीत अडकून बसते, तीच ही स्थिती. फरक इतकाच की दाराला बाहेर उठायला वाव नसतो आणि लेपाला वरची बाजू मोकळी असते. साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा लेप आणि धातू यांच्यातील चिकटपणा तोडण्यास लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा जास्त झाली की लेप एका ठिकाणी उचलला जातो, तिथून दोन्ही बाजूंना कमान पसरते आणि सुरकुत्यांचे जाळे डोळ्यांदेखत चाकभर धावते.

दर चौरस सेंटीमीटरमागे साठणारी ही ऊर्जा दाबल्या गेलेल्या प्रमाणाच्या वर्गावर आणि लेपाच्या जाडीवर अवलंबून असते. म्हणून चार थर चढवलेला जाड रंग मोठ्या पोपड्यांनी निघतो आणि त्याखालचा पातळ प्राइमर मात्र धातूला घट्ट धरून बसतो. त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडते. आत शिरलेल्या द्रावकाने रंगाचे काचसंक्रमण तापमान, म्हणजे काचेसारखा कडक लेप ज्या तापमानाला मऊ पडतो ते, घसरते, कडक लेप मऊ होतो, आणि मऊ पदार्थात ऊर्जा कमी साठते. म्हणजे द्रावक फार हळू शिरला तर साठलेला ताण लेपातल्या लेपातच सैल होण्याची शक्यता असते. वेग महत्त्वाचा ठरतो तो इथे.

या वेगासाठी डायक्लोरोमिथेन या द्रावकाला तोड नाही. त्याचा रेणुभार ८५, रेणू लहान, म्हणून तो जाळ्यात झपाट्याने घुसतो. मात्र तो ४० अंश सेल्सिअसला उकळतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो ब्रशवरूनच उडून जाईल, म्हणून रिमूव्हरमध्ये मेण मिसळलेले असते. हे मेण पृष्ठभागावर तरंगून साय धरते आणि द्रावकाला आत रोखते. त्यामुळे रिमूव्हर एकाच दिशेने जाड लावावा आणि त्यावरून पुन्हा ब्रश फिरवू नये, कारण तसे केल्याने ही साय मोडते. धोका असा की शरीरात गेलेल्या डायक्लोरोमिथेनपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असल्याने बंद शेडमध्ये जमिनीलगत साठते, आणि साध्या रबरी किंवा नायट्राइलच्या हातमोज्यांतून तो बघता बघता आरपार जातो. अमेरिकेने घरगुती वापरासाठी असा रिमूव्हर विकण्यावर २०१९ मध्ये बंदी घातली. बेन्झिल अल्कोहोलवर आधारलेला रिमूव्हर तासन्‌तास घेतो, परंतु तो २०५ अंशांना उकळत असल्याने उन्हाळ्यात उडून जात नाही. वर प्लॅस्टिक गुंडाळून रात्रभर ठेवण्याची तयारी असेल, तर घरी काम करणाऱ्याने तोच घ्यावा. कारखान्यांत या अल्कोहोलात फॉर्मिक आम्लासारखे पदार्थही मिसळतात. ते लेप आणि धातू यांच्या सीमेवर शिरून पकड सैल करतात.

ज्वाळेने किंवा भट्टीत रंग जाळण्याचा मार्ग अलॉय चाकासाठी वर्ज्यच मानावा. या चाकांच्या नेहमीच्या मिश्रधातूत सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि अर्ध्या टक्क्याहून कमी मॅग्नेशियम असते. साधारण ५४० अंशांवर तापवून पाण्यात विझवल्यावर त्याला १५५ ते १७० अंशांवर काही तास ठेवतात, तेव्हा मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण तयार होऊन धातूला बळकटी येते. चारशे अंशांच्या भट्टीत हे कण मोठे आणि विरळ होतात. चाक दिसायला तसेच राहते, पण त्याची ताकद गेलेली असते.

ब्लास्टिंगमध्ये, म्हणजे दाबाच्या हवेने कणांचा मारा करून रंग काढताना, वाळू वापरू नये, कारण तिची धूळ फुप्फुसात सिलिकोसिस हा आजार निर्माण करते. काचेचे मणी किंवा अक्रोडाच्या टरफलाचा चुरा त्यापेक्षा बरा. तरीही मण्यांच्या माऱ्याने धातूचा पृष्ठभाग ठोकला जाऊन बारीक तडे झाकले जाऊ शकतात, म्हणून खड्ड्यात आपटलेले चाक आधी रिमूव्हरने उघडे करून तपासावे हे उत्तम.

उघडे चाक गोड्या पाण्याने धुवावे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरल्यास, जे मीठ काढण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच पुन्हा बसवल्यासारखे होईल. चाक पूर्ण वाळवून त्याच दिवशी अ‍ॅल्युमिनियमसाठीचा प्राइमर द्यावा. हबला टेकणारी मागची बाजू आणि नट बसतात त्या खोबणी मात्र चिकटपट्टीने झाकून रंगाविना ठेवाव्यात. तिथला रंग नट आवळल्यावर दाबाखाली हळूहळू सरकतो आणि नटाची पकड ढिली होते. चाके बसवल्यानंतर पन्नास ते शंभर किलोमीटरांच्या आत सगळे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत.