आठवे कलम आणि कधीच न झालेली जमिनीची मोजणी

अमेरिकेतल्या १३ राज्यांची पहिली घटना, 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन', कोसळली. कारण केंद्राला कर लावता येत नव्हता, असे पाठ्यपुस्तके एका ओळीत सांगतात. हे खरे, पण अपुरे आहे. पैसा कसा गोळा करायचा हे तिच्या आठव्या कलमात लिहिलेले होते. त्यासाठी लागणारी मोजणी कधी झाली नाही, आणि ते कलम बदलणे तेराव्या कलमाने जवळपास अशक्य केले होते.

आधी एका शब्दाबद्दल. मराठीत 'कॉन्फेडरेशन'ला कोणी 'राज्यसंघ' म्हणतात, कोणी 'महासंघ', आणि पुष्कळदा चुकून 'संघराज्य'. भारताच्या संविधानाच्या पहिल्या कलमातला 'राज्यांचा संघ' मात्र वेगळा आहे. तिथे केंद्राचा कायदा थेट नागरिकाला लागू होतो. अमेरिकेच्या या व्यवस्थेत मध्यवर्ती सभेला फक्त राज्यांकडे मागणी करता येई. शेतकऱ्याकडून किंवा व्यापाऱ्याकडून परस्पर छदामही वसूल करता येत नसे.

आठव्या कलमाप्रमाणे सामाईक खर्चाचा वाटा ठरणार होता प्रत्येक राज्यातल्या खासगी मालकीच्या जमिनीच्या आणि तिच्यावरच्या इमारतींच्या किमतीवरून. सभेने एकूण रकमेची वाटणी करायची, राज्याच्या विधिमंडळाने स्वतःचा कर बसवायचा आणि पैसे पाठवायचे. जमीन हे माप निवडले गेले ते १७७७ मध्ये, कारण लोकसंख्या धरली तर गुलामांना मोजायचे की नाही यावर एकमत होईना. न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे ईशान्येकडच्या, राज्यांनी विरोध केला. त्यांच्याकडे लागवडीखालची, घरादारांनी भरलेली जमीन दाट होती आणि गुलाम थोडे, म्हणजे बोजा त्यांच्यावर पडणार होता.

प्रत्यक्षात जमाबंदी करायला सभेकडे ना मोजणीदार होते ना पैसा. किंमत राज्यांनीच कळवायची म्हटल्यावर ती कमी दाखवण्यात प्रत्येकाचाच फायदा होता. मग वाटे अंदाजाने ठरू लागले, आणि अंदाज अन्यायकारक आहे ही तक्रार पैसे न देण्याला तयार सबब झाली. ऑक्टोबर १७८१ मध्ये पुढच्या वर्षासाठी ८० लाख डॉलर मागितले गेले. १७८२ संपेपर्यंत त्याचा दहावा हिस्साही जमला नाही.

एप्रिल १७८३ मध्ये जमिनीऐवजी लोकसंख्या घ्यावी, अशी दुरुस्ती सुचवली गेली. गुलाम अर्धा धरायचा की पाऊण, या घासाघिशीतून तीन-पंचमांश हा आकडा निघाला. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. १७८३ मध्ये हा आकडा कराचा होता, म्हणून गुलाम जास्त असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांना तो लहान हवा होता. १७८७ च्या नव्या घटनेत तोच आकडा प्रतिनिधित्वालाही लागू झाला, तेव्हा दक्षिणेला तो मोठा हवा होता. ज्यांच्या नावावर हा हिशेब चालला त्यांना दोन्ही वेळी कोणी विचारले नाही.

दुरुस्तीला तेराही विधिमंडळांची संमती लागे. ती कधी मिळाली नाही. आयातीवर पाच टक्के जकातीच्या प्रस्तावाचेही तेच झाले. १७८१ चा प्रस्ताव एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने अडला आणि पाठोपाठ व्हर्जिनियाने आपली संमती मागे घेतली. १७८३ चा सुधारित प्रस्ताव न्यूयॉर्कने अडवला. त्या बंदरातली जकात राज्याच्या तिजोरीत भरत होती, ती कोण सोडणार?

मोठ्या निर्णयांना नऊ मते लागत. राज्याचे किमान दोन प्रतिनिधी हजर नसले तर त्याचे मतच धरले जात नसे. ब्रिटनशी झालेला तह मंजूर करायची वेळ आली तेव्हा डिसेंबर १७८३ मध्ये अॅनापोलिसला भरलेल्या सभेत सातच राज्ये हजर होती. सातांवर भागवावे का, यावर वाद झाला. अखेर नऊ जमली आणि १४ जानेवारी १७८४ ला मंजुरी मिळाली.

१७८६ मध्ये मॅसेच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी न्यायालये बंद पाडली, तेव्हा केंद्राला वेळेवर सैन्य उभे करता आले नाही. राज्याने व्यापाऱ्यांच्या पैशावर आपले दल काढले. फेब्रुवारी १७८७ मध्ये बोलावलेल्या बैठकीचे काम फक्त जुन्या कलमांची दुरुस्ती एवढेच ठरवून दिले होते. तिथे नवीनच घटना लिहिली गेली, आणि तेरा संमतींची अट बाजूला ठेवून नऊ राज्ये पुरेशी मानली गेली. कायद्याच्या काटेकोर अर्थाने हा जुन्या घटनेचा भंगच होता. नववे राज्य, न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८ ला आले. ऱ्होड आयलंड मे १७९० मध्ये, नवे सरकार सुरू होऊन वर्ष उलटल्यावर.